शिळं वर्तमानपत्र, ताजं भांडण

मलकापूरला गाडीतून उतरताना मोबाइल पिशवीच्या तळाशी टाकून द्या. रेंज येणार नाही, आणि कुणी पाहिलाच तर तो काय आहे हे समजावून सांगता सांगता तुमची बैलगाडी चुकेल. साल १८८१. पावसाळा लागलेला, स्टेशनाबाहेर काळ्या मातीचा रेंदा, त्यात तुमचे बूट पहिल्याच पावलाला रुतलेत. ते काढून हातात घ्या, सगळे तसंच करतात.

तुम्ही वऱ्हाडात आहात. हा मुलूख कागदावर निजामाचा, पण १८५३ च्या तहापासून कारभार इंग्रजांचा. जिल्हा आहे, पण तुमच्या ओळखीचा नव्हे. चिखली, मलकापूर, मेहकर एवढेच तालुके. खामगाव आणि शेगाव अजून अकोला जिल्ह्यात मोडतात, ते इकडे यायला १९०५ उजाडेल. त्यामुळे शेगावचा माणूस भेटला तर ‘आपल्या जिल्ह्याचे’ म्हणून त्याच्या गळ्यात पडू नका.

रेंगीवाला तुम्हाला वरपासून खालपर्यंत बघतो.

‘कोठं जाचं जी?’

‘बुलढाण्याला.’

‘घाटावर? बसा मंग. राजूरच्या घाटात दोनदा उतरा लागंल, आधीच सांगतो. बैलं हायेत, इंजन नाही.’

घाटावरचे आणि घाटाखालचे, ही या जिल्ह्याची जुनी वाटणी. रेंगीवाल्याच्या मते घाटावरची माणसं थंड, हिशेबी, पाणी विचारायलाही वेळ लावणारी. तुम्ही स्वतः चिखली-मेहकरकडचे असाल तर गप्प बसा, अजून वीसेक मैल त्याच्याबरोबर काढायचेत.

घाटाच्या मध्यावर मागून घुंगरांचा आवाज येतो. हरकारा. खांद्यावर डाकेची थैली, हातात घुंगुरकाठी. तुम्ही चिखलात उभे राहून बैलांना ढकलत असताना तो तुमच्या बाजूने पळत पुढे जातो. त्या थैलीत सरकारी लखोटे आहेत, पैशाला एक मिळणारी पोस्टकार्डं आहेत आणि पुण्याहून निघालेली काही वर्तमानपत्रं आहेत. त्यातल्या एकासाठी तुम्ही एवढ्या लांब आलात. ते छापून कित्येक दिवस झालेत. भांडण मात्र आज पेटायचंय.

बुलढाणा दोन हजार फुटांवर आहे. हवा गार, म्हणूनच साहेबांनी हे ठिकाण जिल्ह्याला निवडलं. गाव छोटंसं, कचेरी मोठी. डेप्युटी कमिशनरच्या कचेरीच्या पडवीत दुपारी मोठा साहेब जेवायला गेला की वर्तमानपत्र उघडतं. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. तुम्ही अर्जदार म्हणून खांबापाशी बसा. अर्जदाराकडे कुणी लक्ष देत नाही, ही सोय तुमच्या काळातही आहे.

आजचं वाचन ‘पुणे वैभव’चं आहे. विषय सुरतेकडचा. विजयालक्ष्मी नावाची तरुण ब्राह्मण विधवा गरोदर राहिली, मूल झालं, ते तिने मारलं. सुरतेच्या कोर्टाने तिला फाशी सुनावली. वर अपील झालं, फाशी टळून काळ्या पाण्यावर आली. पुढे तीही कमी होईल. पण वर्तमानपत्राला शिक्षेशी फारसं देणंघेणं नाही. त्याला या एका बाईवरून सगळ्या बायकांचा न्याय करायचाय: बायका बिघडल्या, शिकवल्या म्हणून बिघडल्या, विधवांचे पुनर्विवाह सुरू झाले तर आणखी बिघडतील.

म्हातारे शिरस्तेदार मान डोलावतात. ‘बरोबरच लिहिलंय. घर म्हणून काही राहायचं असेल तर बंधन हवं.’

एक तरुण कारकून उसळतो. हा ‘इंदुप्रकाश’ वाचणारा, नवशिका, बोटाला शाई आणि बोलण्यात तत्त्वज्ञ मिल. ‘शिरस्तेदारसाहेब, १८५६ साली पुनर्विवाहाचा कायदा झाला. पंचवीस वर्षं झाली. आपण अजून मनूच्याच ओसरीवर बसलोय.’

तुम्हाला बरं वाटतं. दोन बाजू दिसल्या की आपण सगळेच जरा सैलावतो. हा आपला, तो त्यांचा. तुम्ही मनातल्या मनात दोघांच्या कपाळावर चिठ्ठ्या चिकटवता, म्हाताऱ्याला सनातनी, तरुणाला उदारमतवादी. थोडं थांबा. वाद पुढे सरकतोय.

‘पण फाशी?’ म्हातारे म्हणतात. ‘बाईला फाशी म्हणजे पाप हो. आपल्या राज्यात असं झालं नसतं. ब्राह्मणाच्या मुलीच्या गळ्यात दोर घालणारं हे कसलं सरकार?’

‘कायदा सगळ्यांना सारखा,’ तरुण कारकून म्हणतो. ‘मूल मारलं की नाही? मग खुनाला खुनाचीच शिक्षा. जात पाहून आणि लिंग पाहून न्याय द्यायचे दिवस संपले.’

तुमच्या चिठ्ठ्या सुटून खाली पडल्यात. जुन्याला बाई जगायला हवी आहे आणि नव्याला ती कायद्याने लटकली तरी चालणार आहे. दोघांनाही एक प्रश्न मात्र सुचत नाही: ते मूल कुणाचं होतं? त्या माणसावर खटला नाही, त्याचं नाव नाही, ‘पुणे वैभव’च्या लेखातही तो नाही. वर्तमानपत्र घडी होऊन हेडक्लार्कच्या टेबलावर जातं.

हेडक्लार्क म्हणजे बापूजी हरी शिंदे. जातीने मराठा, विचाराने सत्यशोधक, पुण्याच्या जोतीराव फुल्यांच्या मंडळींतले. दहा वर्षांपूर्वी, १८७१ साली, त्यांनी शिकलेल्या देशी लोकांना चार गोष्टी सुचवणारं एक पुस्तक इंग्रजी मथळा देऊन काढलं होतं. संध्याकाळी ते वर्तमानपत्र बगलेत मारून घरी निघतात. त्यांच्या मागे चला, पण दाराशी एक अडचण आहे.

तुम्ही पुरुष असाल तर ओसरीवर बसाल, पाणी मिळेल, गूळ मिळेल, पावसापाण्याच्या गप्पा होतील आणि आतलं काही दिसणार नाही. बाई असाल तर माजघरापर्यंत जाल आणि तिथून पुढे बाहेरच्या ओसरीवर काय चाललंय ते दिसणार नाही. जी गोष्ट पाहायला आलात ती आत आहे. तेव्हा आजच्या रात्रीपुरतं बाई व्हा. कठीण वाटलं तरी करा, त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आत तीस-एकतीस वर्षांची ताराबाई आहे. चार भावांची बहीण. तिच्या लहानपणी इथं मुलींची शाळा नव्हती, म्हणून बापाने घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. लग्न झालं तेव्हा ती सासरी गेली नाही, नवराच इकडे राहायला आला. मूलबाळ नाही. वर्तमानपत्र आत आलं आहे आणि ती ते दिव्यापाशी धरून वाचते आहे. तुम्ही भाजी निवडण्याच्या निमित्ताने जवळ बसा. अंबाडीची आहे, हाताला आंबट वास लागेल.

तिच्या तोंडी मी काही घालणार नाही. तिने पुढे जे लिहिलं त्यात काय आहे तेवढं सांगतो, तुम्ही ते तिच्या खांद्यावरून वाचताय असं समजा.

एक जुना संस्कृत श्लोक बाईला दूषणांची खाण ठरवतो: धाडसी ती, कपटी ती, संशयाचा भोवरा ती. ताराबाई त्यातलं एकेक दूषण उचलते आणि उलटं करून पुरुषाच्या अंगावर घालते. कपट? जुगार, दारू, लाच, खोटे कागद हे बायकांनी काढले का? अविचार? बायको मेली तर दहाव्याच्याच दिवशी दुसरीचा शोध कोण सुरू करतं? नवरा मेल्यावर बाईचं डोकं भादरायचं, बांगड्या फोडायच्या, तिला शुभकार्यातून हाकलायचं, तर मग बायको मेल्यावर नवऱ्यानेही मिशी उतरवून रानात जावं की. हा तिचा सूर. थट्टा आहे, पण हसताना घसा कोरडा पडतो. देवांनाही ती सोडत नाही. पतिव्रतेच्या कथा बाईला ऐकवता, त्यांतले देव आणि ऋषी स्वतः कसे वागले, हे ती पुराणांतूनच दाखवते. मग ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या तेव्हाच्या गाजलेल्या कादंबऱ्यांवर येते: यांत रंगवलेल्या असल्या बायका यांनी पाहिल्या तरी कुठं? आणि सुरतेच्या त्या प्रकरणात कचेरीच्या पडवीत जे कुणाला सुचलं नाही ते ती सरळ विचारते. बाईला फशी पाडणारा नामानिराळा कसा राहिला?

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, ही आपल्या त्या तरुण कारकुनाच्या पक्षातली. पुढे वाचा. बूट, टोपी, पाटलोण घालून, साहेबाचं खाऊन-पिऊन घरच्या बाईला मात्र धर्म शिकवणाऱ्या सुधारलेल्यांची ती यथेच्छ रेवडी उडवते. सभा भरवता, भाषणं ठोकता, टाळ्या घेता, आणि प्रत्यक्षात एका विधवेच्या दारात उभं राहायची वेळ आली की सगळे घरात. तरुण कारकुनाला हे वाचून ठसका लागणार आहे.

आणि तरी तिला तुमच्या काळात जशीच्या तशी उचलून नेता येत नाही. पातिव्रत्य मोडून टाका असं तिचं म्हणणं नाही. ते एकटीच्याच डोक्यावर का, नवऱ्यालाही पत्नीव्रत असू द्या, असं म्हणणं आहे. राणीच्या राज्याचे ती मनापासून आभार मानते, कारण त्या राज्याने बायकांसाठी अक्षरांची दारं उघडली. तुमच्या ओळखीचा पुरोगामी हे राज्याबद्दलचं वाचून कानकोंडा होईल, परंपरावादी पुराणांबद्दलचं वाचून लाल होईल, राष्ट्रवादी दोन्ही वाचून. मला विचाराल तर या बाईची ताकद इथंच आहे. तिला कुणाची मर्जी राखायची नव्हती, कारण कुणी तिला आपल्या सभेला बोलावलंच नव्हतं.

भाजी झाली? उठा. मलकापूरला जायचंय.

आता साल १८८२. मलकापूर, भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे. बूट घालून घ्या, पुण्याला चिखल वेगळ्या प्रकारचा आहे.

‘श्री शिवाजी छापखाना’. आत शिशाच्या खिळ्यांचा खणखणाट, शाईचा उग्र वास. जुळारी एकेक खिळा उचलून ओळीत बसवतो आहे. मजकूर त्याला उलटा वाचता येतो, आणि मध्येच तो थबकून हसतो. कुठल्या वाक्याला हसला ते तुम्हाला दिसत नाही. मथळा ‘स्त्री-पुरुष तुलना’. ५०० प्रती, किंमत नऊ आणे. हिशेब करा: एक पोस्टकार्ड एका पैशाला, म्हणजे नऊ आण्यांत छत्तीस पोस्टकार्डं. कारकुनाच्या बायकोने छत्तीस पत्रं माहेरी पाठवावीत की हे पुस्तक घ्यावं? त्या ५०० प्रतींपैकी फार थोड्या तुमच्या काळापर्यंत पोहोचणार आहेत.

बाहेर पडा. याच वर्षी पुण्यात पंडिता रमाबाई आल्यात, आर्य महिला समाज निघालाय, ‘स्त्रीधर्मनीति’ छापलं गेलंय. हंटरसाहेबाचं शिक्षण कमिशन बसलंय आणि फुल्यांनी त्याच्यापुढे शेतकऱ्यांच्या पोरांसाठी निवेदन दिलंय. आणि दोन तरुण संपादक, टिळक आणि आगरकर, कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात अडकलेत.

त्यांना जामीन हवा आहे, दहा हजारांचा. पुण्यातल्या ब्राह्मण संपादकांना एवढा जामीन कोण देणार? सत्यशोधक रामशेठ उरवणे, फुल्यांचे स्नेही. जो माणूस भटशाहीवर आसूड ओढणाऱ्यांच्या पंगतीत बसतो तो ‘केसरी’वाल्यांसाठी दहा हजार मोजतो. तुम्ही चिठ्ठ्या पुन्हा खिशातून काढल्या असतील तर परत ठेवा.

जामीन मिळतो, पण पुढे शिक्षा होते. जुलैमध्ये दोघे डोंगरीच्या तुरुंगात, १०१ दिवस. एका खोलीत दोन मित्र. आगरकरांना वाटतं आधी घर सुधारू, समाज सुधारू, मग राज्याचं बघू. टिळकांना वाटतं राज्य परक्याचं असताना त्याच्या हातात घराच्या किल्ल्या देऊ नयेत. रात्री आवाज इतके चढतात की पहारेकऱ्याला दटावावं लागतं. सकाळी एकाच हंड्यातलं तेच पातळ जेवण. सुटून आल्यावर मुंबईत सत्यशोधकांनी त्यांचा सत्कारही केला. अजून सहा वर्षांनी हेच दोघे एकमेकांचं तोंड पाहणार नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. सांगू नका.

आता थोडं वेगाने चला, वर्षं पायाखालून जाऊ द्या. १८८७: बालपणी लग्न झालेली रखमाबाई नवऱ्याकडे नांदायला नकार देते, मुंबईचं कोर्ट म्हणतं जा नाहीतर तुरुंगात जा. तिची बाजू घेणारे आणि ‘केसरी’ समोरासमोर. त्याच वर्षी आगरकर ‘केसरी’ सोडतात, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढतात. पुण्याचे लोक त्या जिवंत माणसाची प्रेतयात्रा काढतात. १८९०: पंचहौद मिशनमध्ये चहा. पाद्र्याच्या हातचा चहा प्यायलेल्यांच्या यादीत समाजसुधारक रानडे आहेत आणि टिळकही आहेत. पुढे प्रायश्चित्त दोघांनीही घेतलं, दोघांचे अनुयायी मात्र ते आपापल्या परीने समजावत राहिले. १८९१: मुलीच्या संमतिवयाचा कायदा, दहाचं वय बारा. टिळकांचा विरोध मुलीच्या वयाला किती आणि परक्या सरकारच्या हाताला किती यावर तुमच्या काळातही पुस्तकं निघतात. माझं मत असं की त्या बारा वर्षांच्या पोरीला या बारकाव्याचा काही उपयोग नव्हता. १८९५, डिसेंबर: पुण्यात काँग्रेस भरते. तिच्याच मांडवात दरवर्षी भरणारी रानड्यांची सामाजिक परिषद इथं भरू देणार नाही, मांडव जाळू, अशा धमक्या. रानडे माघार घेतात, परिषद फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात जाते. आगरकर हे पाहायला नाहीत, जूनमध्येच गेले.

या मांडवाच्या दारात उभं राहून जरा बघा. सरकारशी जो जहाल तो घरात जपून पाऊल टाकणारा. घरात जो सुधारक तो सरकारशी मवाळ. आणि फुल्यांसारखा जातीच्या प्रश्नावर सगळ्यांत जहाल माणूस सरकारकडून आशा धरून. धागे आडवेतिडवे गेलेत. एका माणसाचं एका विषयावरचं मत कळलं म्हणून दुसऱ्या विषयावरचं ओळखता येत नाही, त्याला जाऊन विचारावं लागतं.

हे मुद्दाम दाखवायचं कारण तुमचा भाचा. तो न्यू जर्सीत असतो, सुट्टीत व्हिडिओ कॉल करतो आणि सांगतो की तिथं आता शेजाऱ्याच्या अंगणातली पाटी पाहिली की बंदूक, गर्भपात, कर, सीमेवरचे लोक, हवामान या सगळ्यांवरची त्याची मतं न विचारता सांगता येतात. लिबरल म्हटलं की एक गठ्ठा, कॉन्झर्व्हेटिव्ह म्हटलं की दुसरा. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला कुणी कुणाला मत दिलं हे विचारायचं नाही. त्याला वाटतं हे कायमच असं होतं. तसं नव्हतं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन दोन्ही पक्षांतून मतं मिळाली आणि विरोधही दोन्ही पक्षांतून झाला. गर्भपाताचा हक्क मानणारा १९७३ चा निकाल लिहिला तो न्यायमूर्ती रिपब्लिकन अध्यक्षाने नेमलेला होता. धागे तिथंही आडवेतिडवे होते, मग हळूहळू सगळे दोन बाजूंना ओढले गेले. २०२२ मध्ये तोच निकाल सर्वोच्च न्यायालयाने उलटवला तेव्हा कोण हसणार आणि कोण रडणार हे आदल्या दिवशीच सगळ्यांना पाठ होतं.

आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये झाला, तो अशा धुमश्चक्रीशिवाय. म्हणून आपण शहाणे, असं मात्र भाच्याला सांगू नका. बाईच्या पोटातल्या मुलावरून कागद काळे करायची सुरुवात आपल्याकडे सुरतेच्या निकालाच्याही आधीची आहे. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल मारू नये. लोकांनी नावं ठेवली. पुढे तिथल्याच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. फुल्यांनी १८७३ चं ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते, योगायोग पाहा, अमेरिकेतल्या त्या लोकांना ज्यांनी निग्रो गुलामांना मुक्त करायला झीज सोसली. पुण्यात बसून त्यांना तिकडचं भांडण आपलं वाटलं. तुमच्या भाच्याला अजून इकडचं वाटत नाही.

आता शेवटचा टप्पा, आणि तो मागे आहे. १८८५ चा दिवाळीचा सुमार. परत मलकापूर. रेंगीवाला तोच, बैल बदललेत. ‘आलात परत?’ एवढंच विचारतो.

या तीन वर्षांत पुस्तकाचं काय झालं ते घाटातच कळतं, म्हणजे काहीच झालं नाही. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रवाल्यांनी नाकं मुरडली, थट्टा केली. ताराबाईने पुन्हा काही छापलं नाही. इथून पुढे नव्वद वर्षं हे पुस्तक जवळजवळ कुणाच्या बोलण्यात नसणार. १९७५ मध्ये, जगभर महिला वर्ष साजरं होत असताना, स. गं. मालशे ते पुन्हा छापतील, आणि मग विद्यापीठांत त्याच्यावर प्रबंध निघतील. ती १९१० च्या सुमाराला गेलेली असेल.

पण आज हरकाऱ्याच्या थैलीत एक पुस्तिका आहे. ‘सत्सार’चा दुसरा अंक, लेखक जोतीराव फुले. कचेरीच्या पडवीत दुपारी तो उघडला जातो. तुम्ही त्याच खांबापाशी बसा.

फुले ताराबाईला आपली मुलगी मानून तिची बाजू घेतात. त्यांचा हात चालतो तो सनातन्यांवर नेहमीसारखा, ते कुणाला नवं नाही. पण या खेपेला तिच्या पुस्तकाला हसणाऱ्या सगळ्याच संपादकांना ते धारेवर धरतात. बाईला हिणवलंत तर आमच्यातला आहात की त्यांच्यातला हे मी बघणार नाही, असा एकंदर आवेश. तुम्ही आजवर ज्या गटात राहिलात त्यात हे कुणी किती वेळा केलं, आठवून पाहा. विरुद्ध पक्षाला शिव्या घालायला काही लागत नाही.

म्हातारे शिरस्तेदार आता निवृत्त झालेत, पण दुपारी येऊन बसतात. ते अंक ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘शिंद्यांच्या मुलीचं ते पुस्तक मी वाचलं बरं का. सुनेकडून वाचून घेतलं. मला डोळ्यांनी दिसत नाही आताशा.’

‘मग? पटलं का काका?’ कुणीतरी विचारतं.

‘पटायचं काय त्यात? शिव्याच आहेत नुसत्या. पण ते दहाव्याच्या दिवशी दुसरीचं… माझं बाराव्याला ठरलं होतं.’ ते उपरण्याने तोंड पुसतात. ‘सून तिथं वाचताना थांबली जरा. मी म्हटलं, वाच पुढे.’

तरुण कारकून आता तितका तरुण नाही. पोट सुटलंय, बढती मिळालीय, ‘इंदुप्रकाश’ अजून येतो. तो अंक मिटतो आणि घसा साफ करतो. ‘फुलेसाहेबांनी एवढं डोक्यावर घ्यायला नको होतं. मी सुधारणेच्या बाजूचाच आहे, सगळ्यांना माहीत आहे. पण बाईने लिहायचं म्हणजे जरा तारतम्य हवं. सुधारकांचीच टिंगल केली की सनातन्यांच्या हातात कोलीत मिळतं. आपल्या चळवळीचं नुकसान आहे हो यात.’

हे वाक्य तुम्ही ऐकलेलं आहे. परवाच ऐकलंय, कुठल्या तरी गटावर, कुणा दुसऱ्याच बाईबद्दल.

कारकुनाचं लक्ष आता तुमच्याकडे जातं. तुम्ही मागे आला होतात ते त्याला आठवतं, की नुसता तसा भास होतो, कुणास ठाऊक. तो खूश होऊन जवळ येतो, सुपारी पुढे करतो.

‘बरं झालं भेटलात. तुळशीचं लग्न लागलं की मग आमच्याकडेही कार्य आहे. घाटाखाली, नांदुऱ्याकडचं स्थळ. मुलगा इंग्रजी शाळेत आहे, हुंडा म्हणून नाही, नुसता मान. तुम्ही यायलाच हवं.’

‘मुलगी केवढी?’ तुम्ही विचारता.

‘आमची? नववं सरत आलं,’ तो म्हणतो, आणि शिरस्तेदारांकडे बघून डोळे मिचकावतो. ‘घरात म्हातारी आहे ना. तिच्यापुढे काय चालतंय.’